मागचे पाय

माझ्या मोठ्या जाऊबाई, राजकन्याआक्का. कुणी प्रेमानं काही दिलं की नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. ही खोड शर्यतीतही सुटली नाही.

पोळ्याच्या दुपारी उदगीरच्या आमच्या महिला मंडळानं सोंगांची शर्यत ठेवली होती. आम्ही दोघी मिळून एक बैल झालो. आक्का पुढं, शिंगं बांधून. मी मागं, झुलीखाली वाकलेली, अंधारात. निम्म्या रस्त्यापर्यंत आम्हीच पुढं होतो. तेवढ्यात माझ्या पायांवर गार पाणी पडलं. गल्लीतल्या बायका हसत हसत बैलाचे पाय धूत होत्या!

"आक्का, पळा की!" मी ओरडले.

"नैवेद्य सोडून बैल जातो व्हय?"

मग दर दारी तेच. पाणी, कुंकू, पुरणपोळी. वासुदेव गेले, पोलीस गेले, नवरा-नवरीसुद्धा पुढं गेले. आम्ही शेवटून पहिल्या आलो. माझी कंबर मोडली होती, डोकं तापलं होतं.

"तुमचं पोट भरलं. माझं काय?"

आक्कानं शिंगं उतरवली आणि झुलीखालून पोळ्यांची चवड काढून माझ्या हातावर ठेवली.

"एकबी खाल्ली न्हाई, तनुजा. मागचे पाय उपाशी ठेवून तोंड खातंय व्हय?"