भवानीबाईंची इंग्रजी अर्जी

"'होती' का? मी मेले की काय?"

"भवानीबाई, ते मेल्याजित्याचं नाही, इंग्रजीचं आहे."

"पटवाऱ्याला मी सांगितलं, 'मी या घरात राहते.' तुम्ही लिहिलंत, ती राहत होती! धाकट्या पातीतल्या दत्तोपंतांनी मराठी करून सांगितलं मला."

"विचार करते म्हणून काल कच्चा कागद नेलात, तो दत्तोपंतांना दाखवलात?" नीलकंठ मास्तरांनी टाक खाली ठेवला. रस्त्यापलीकडचा तो म्हातारा त्यांच्या इंग्रजीत नेहमी खोड काढायचा. बाईचे कान त्यानंच भरले असणार!

देवासात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी, मधे एक रस्ता. थोरल्या पातीत मास्तर बारा वर्षं ओसरीत बसून लोकांच्या इंग्रजी अर्ज्या लिहीत होते. मॅट्रिकला दोनदा आपटले, पण व्याकरण असं घोटलेलं की झोपेतून उठवून विचारावं. दुःख एकच. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना वाचता येत नसे, आणि ज्यांना वाचता येई ते नावं ठेवत.

भवानीबाई बागली गावच्या, सासरचं घर तिथंच. शिलेदार नवरा वारल्याला वर्ष झालं होतं. धाकटे दीर विश्वासराव सांगत सुटले होते की वहिनी माहेरी गेली, घर रिकामं पडलं, आता ते आमचं. बाई तर उंबरा सोडून हलल्या नव्हत्या. उद्याच्या टपालानं अर्जी वरच्या साहेबाकडे गेली नाही तर घर गेलंच. मजकूर झाला होता. राहिला होता फक्त बाईंचा अंगठा.

"हे बघा," मास्तर शिकवणीच्या सुरात म्हणाले, "काल कुणी म्हणालं, 'मी येतो.' आज ते इंग्रजीत सांगायचं, तर 'म्हणाला' मागे गेलं की 'येतो'लाही मागे जावं लागतं. कायदाच आहे त्यांचा."

"जाऊ दे की तुमच्या इंग्रजीला मागे! मी का सरू? दिराला हेच तर हवंय."

"साहेबाला त्यातलं बरोबर कळतं."

"आणि नाही कळलं, तर साहेब येऊन मला घरात बसवणार?"

मास्तरांनी मान खाजवली. "एक सूट आहे म्हणा. जे अजून खरं आहे, ते आत्ताचं ठेवलं तरी चालतं. गुरुजींनी सांगितलं की पृथ्वी फिरते. पृथ्वी काही थांबलेली नाही."

"पृथ्वीला चालतं, मला नाही?"

"कचेरीतला हेडक्लार्क चूक धरील माझी."

"अच्छा! म्हणजे तुमची चूक निघू नये, म्हणून माझं घर जावं!"

मास्तरांनी नवा कागद ओढला. बाई टाकाच्या टोकावर नजर रोखून बसल्या. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी एकही सुटू देत नव्हत्या. शेवटची ओळ संपली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "परवा विश्वासरावांना या ओसरीवरून उतरताना आमच्या गाडीवानानं पाहिलं."

टाकातून शाईचा थेंब पडला तो नेमका गालिच्यावर. कागद बचावला.

"सहज आले होते."

"काय देऊन गेले?"

"शपथेवर सांगतो. सुपारीचं खांडसुद्धा नाही."

"मग?"

"कागद समोरच होता. म्हणाले, मास्तर, वाचा तरी, तुमचं इंग्रजी ऐकायला मिळत नाही." मास्तरांचा आवाज खाली गेला. "वाचला. ते म्हणाले, वा! साहेबाच्या तोडीचं आहे."

"साक्षीदारांच्या नावांसकट वाचलात?"

"...अखेरपर्यंत."

"शेजारच्या उमाबाईचं नाव होतं त्यात. ती माझ्या दिराच्याच विहिरीवर पाणी भरते, मास्तर. उद्या ती तोंड उघडील?"

मास्तरांनी कागद वाळूनं टिपला, शाईची बशी पुढे सरकवली. "आता वाक्य तुमच्या मनासारखं झालंय. एकही खोट नाही. अंगठा देताय ना?"

भवानीबाईंनी अंगठा न देताच कागदाची घडी घातली, पदरात खोचली, आणि वहाणा पायात सरकवून ओसरीच्या पायऱ्या उतरून गेल्या.