रस्त्यात न थांबणारी

माझ्या नणंदेला गाव 'मुकी' म्हणायचं. घरात ती भरपूर बोलायची, भांडायचीही. पण पळायला रस्त्यावर उतरली की कुणीही हाक मारो, ओ देत नसे. आणि कडेगावजवळच्या आमच्या गावात "कुठं निघालीस?" याला उत्तर न देणं म्हणजे सरळ अपमान. उत्तर काहीही चालतं, फक्त थांबून द्यावं लागतं.

पारावर बसणारे तात्या एकदा तक्रार घेऊन आमच्या दारात आले. "म्या काय मैलाचा दगुड हाय व्हय? पोरीला जरा मानसात आना." सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि संध्याकाळी लेकीला झापलं. ती जेवता जेवता म्हणाली, "बोललं की दम तुटतोय, आई. तात्याला म्हनावं संगं पळा, मग बोलू." मी हसले, म्हणून मलाही बोलणी बसली.

तिला पळायला लावलं ते नानांनी, माझ्या चुलत सासऱ्यांनी. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. ही रस्त्याच्या डाव्या कडेनं पळायची, नाना तिच्या उजवीकडून हळूहळू मोटारसायकल चालवायचे. "मुंडी वळली तर जेवान बंद," असा त्यांचा दम असे. मुंडी कधी वळली नाही.

साताऱ्याला राज्याच्या स्पर्धेत ती पहिली आली. गावानं ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. माइक अर्थातच तात्यांच्या हातात. "आमची पोर रस्त्यानं जाताना कुनाकडं ढुंकून बघत न्हाई. ह्येला म्हनत्यात तपश्चर्या!" टाळ्या पडल्या. फेटा बांधलेली ही माझ्या कानाशी आली, "वैनी, आटपा म्हनावं. पाय आखडाय लागल्यात."

मग देशाच्या संघासाठी निवड चाचणी आली. सासऱ्यांनी आधीच बजावलं होतं, निवड झाली तर खुशाल पळ, नाही तर सांगलीचं स्थळ आलंय ते बघायचं. आणि नेमके चाचणीच्याच आठवड्यात नाना गेले.

सावडायच्या दिवशी पहाटे मी धारा काढायला उठले, तर ही अंगणात बुटाच्या नाड्या बांधत होती.

"आज?" मी विचारलं.

"मला एवढंच येतंय, वैनी."

मी अडवलं नाही. नंतर दूध घालायला निघाले तेव्हा ती समोरून येताना दिसली. रस्ता मोकळा होता, तरी डावीकडची कड सोडली नव्हती. उजवीकडे मोटारसायकलपुरती जागा होती.

डेअरीवर बायका होत्याच. "चुलत्याची राख गार न्हाई झाली, आन ही बघा. काळीज हाय का इट?"

चाचणीत ती शेवटच्या फेरीत मागे पडली. निवड थोडक्यात हुकली. "सुतकात पळाली, मग काय हुनार?" हे गावानं परस्पर ठरवून टाकलं. निवड झाली असती तर याच तात्यांनी माइकवर 'दुःख गिळून पळाली' म्हणून सांगितलं असतं, हे मी लिहून देते. पळणं तेच, पहाट तीच. पूर्वी मी डेअरीवर भांडायचे. आता कंटाळा येतो. किटली मापाला लावते आणि घरी येते.

सांगलीचं स्थळ जमलं. जावई भला माणूस आहे, तक्रारीला जागा नाही. परवा ती जत्रेला आली होती. बारशाला गेली, हळदीकुंकवाला गेली, प्रत्येकीच्या गुडघेदुखीची चौकशी केली. "आता कशी मानसात आली," बायका मला कौतुकानं सांगत होत्या.

सकाळी माझ्याबरोबर दूध घालायला निघाली. चालताना अजून डावी कड धरते. पाराजवळ आलो. तात्यांना आता नीट दिसत नाही, पण चाहूल लागते.

"कोन गं? कुठं निघालीस?"

ती थांबली. "कुठं न्हाई तात्या. वैनीसंगं डेअरीला."

"मग बस की वाईच. घाई कशाची?"

ती बसली.