एकही लाल नाही

हातमोज्यांच्या कारखान्यात तिला सगळ्या लालबाई म्हणत, आणि ते काही लाडाने म्हणत नसत. शिलाईच्या यंत्रावरून उतरलेला प्रत्येक मोजा शेवटी तिच्या टेबलावर यायचा. टेबलावर दोन लाकडी हात उभे होते, एक डावा आणि एक उजवा. मोजा त्यावर चढवायचा, बोटाबोटाची शिवण बघायची, अंगठ्याच्या बेचक्यात नख घालून ताणायचं, मग उलटा करून आतून बघायचं. खोट सापडली की लाल ठिपका चिकटवायचा आणि जिने शिवला तिच्याकडे मोजा परत. शिवणाऱ्या बायकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. जेवणाच्या सुट्टीत ती येऊन बसली की बाकावरच्या गप्पा बंद पडत आणि डबे लवकर संपत.

"मी कुणाचं वाईट करत नाही," ती म्हणायची. "वाईट असतं ते दाखवते."

हे खरंच होतं. पण असं खरं बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून जेवायला कुणाला आवडतं?

घरी थोरला भाऊ आणि वहिनी. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भाऊ स्वभावाने गरीब, बहीण आणि बायको यांच्या मध्ये पडायचं नसतं हे तो लग्नानंतर आठवडाभरातच शिकलेला. नणंद-भावजयीत वाकडं आलं असं म्हणता येणार नाही, कारण सरळ कधी नव्हतंच. एकदा जेवताना ती बोलून गेली, "भाजी छान झालीय." वहिनीचा घास हातातच राहिला. तिने भाजी पुन्हा चाखली, नवऱ्याला चाखायला लावली आणि मग विचारलं, "वन्सं, सरळ सांगा ना, काय बिघडलंय?"

"काही नाही. छान झालीय म्हटलं."

"तुम्ही छान म्हटलं की मला धडकीच भरते," वहिनी म्हणाली आणि दोन दिवस तोंड फुगवून बसली. तेव्हापासून नणंदेने चांगलं म्हणण्याचा नाद सोडला.

तिला जीव लावायला एकच जागा होती, ती म्हणजे काजळगड. त्या कादंबरीमालेचा पहिला खंड भावाने स्वतःसाठी आणला होता. त्याला दहा पानांतच झोप लागली. तिने तो उचलला आणि पुढचे सगळे खंड येतील तसे वाचून काढले, काही तर चारचारदा. गडाला वेढा पडतो, सात वर्षं गड दाद देत नाही, आणि एका रात्री गडाचा दरवाजा आतून उघडला जातो. कुणी उघडला? शेवटचा खंड येऊन गेला, गड पडला, राणी परागंदा झाली, पण हे काही लेखिकेने सांगितलं नाही. तिला याचा संताप यायचा. एवढा मोठा मोजा शिवायचा आणि एका बोटाचं टोक उघडं ठेवायचं, ही कुठली रीत? मोजे तपासताना, बसमध्ये, भांडी विसळताना तिच्या डोक्यात तेवढंच असायचं: दरवाजा कुणी उघडला?

अशा डोकं फिरलेल्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता, काजळकट्टा. तिथे लोक टोपणनावाने आपापले तर्क मांडत आणि बाकीचे त्यावर मत देत. पटलं तर हिरवा बाण, नाही पटलं तर लाल. तिथे तिचं नाव होतं उसवण. उसवणचा लाल चुकवून एकही तर्क आजवर सुटला नव्हता. ती प्रत्येक लालखाली कारण लिहायची, पण कारणं वाचतो कोण, लोकांना लाल तेवढा दिसतो. सेनापती नावाच्या एका गृहस्थाने मागे लांबलचक तर्क मांडला होता की दरवाजा राजपुत्राने उघडला, नदी पोहून येऊन. उसवणने खाली दोन ओळी लिहिल्या: "पोहून आला तर पुढच्या पानावर त्याचे कपडे कोरडे कसे? की गडावर आल्या आल्या कुणी इस्त्री करून दिले?" कट्टा पोट धरून हसला. सेनापती हसला नाही, आणि विसरलाही नाही.

आणि एके दिवशी कट्ट्याच्या चालकाने, त्याला सगळे किल्लेदार म्हणत, खबर आणली. लेखिका आता फार थकली होती, पत्रांना उत्तर देत नव्हती, कुणाला भेटत नव्हती. पण प्रकाशकाच्या मार्फत तिने कबूल केलं होतं की कट्ट्याने आपला एक तर्क निवडून पाठवावा. त्यावर ती उत्तर देईल, हो किंवा नाही. एकदाच. त्यानंतर या विषयावर जन्मात बोलणार नाही.

किल्लेदाराने नियम केले. सगळे तर्क बिननावाने लावायचे आणि मतंही बिननावाने द्यायची, म्हणजे माणूस बघून मत पडणार नाही. प्रत्येकाने प्रत्येक तर्काला हिरवा किंवा लाल द्यायचाच, स्वतःच्या तर्कालाही. मुदत संपेपर्यंत मत बदलता येईल. तर्कांची आणि मतांची नावं शेवटी आपोआप उघडतील, तोवर ती खुद्द किल्लेदारालाही दिसणार नाहीत. आणि मुदतीआधी कुणी आपला तर्क कोणता ते सांगितलं, तर तो तर्क बाद आणि माणूस कट्ट्याबाहेर.

तिने आपला तर्क लावला: दरवाजा म्हाताऱ्या द्वारपालाने उघडला, मेलेल्या मुलाचा सूड म्हणून. मग ती इतरांचे तर्क वाचायला बसली. पहिला लाल, दुसरा लाल, तिसऱ्यावर तर लाल कमी पडला. अशी ती खाली येत गेली आणि एका छोट्याशा तर्कापाशी थांबली.

त्यात लिहिलं होतं की दरवाजा राणीच्या सारथ्याने उघडला. त्या रात्री सारथी नदीवर होता हे खरं, तिथे त्याला पाच माणसांनी पाहिलं. पण सारथी एक नाहीच, दोन जुळे भाऊ एकाच नावाने जगताहेत. पहिल्या खंडात त्याच्या डाव्या गालावर व्रण आहे, दुसऱ्यात उजव्या, पुन्हा डाव्या. आपण सगळे हसतो आणि म्हणतो की लेखिका विसरली. ती विसरली नाही. तो गडावर असतो तेव्हा व्रण नेहमी डावीकडे आणि बाहेर असतो तेव्हा नेहमी उजवीकडे. आणि खाली पानं दिली होती.

तिने उठून खंड काढले, एकेक पान ताडून पाहिलं. बेचक्यात नख घालून ताणलं. उलटं करून आतून पाहिलं. धागा कुठेही सुटत नव्हता. आयुष्यभर डावा-उजवा जुळवणारी बाई ती, आणि हा डावा-उजवा तिच्या डोळ्यांदेखत निसटला होता. तिला हेवा वाटला, चांगला कडकडीत वाटला. मग हेव्याखालून आनंद वर आला, आणि तो इतका होता की डोळ्यांत पाणी आलं. हेच खरं असणार. हे लेखिकेपर्यंत गेलंच पाहिजे, आणि तिचं 'हो' आपल्या कानांनी ऐकलं पाहिजे.

तिने हिरवा दिला. कट्ट्यावरचा तिचा पहिला हिरवा.

मग हा तर्क डोक्यात ठेवून तिने स्वतःचा वाचला. द्वारपालाच्या किल्ल्या आदल्याच प्रकरणात काढून घेतलेल्या होत्या, आणि हे ती साफ विसरली होती. लावलेला तर्क बदलायची सोय नव्हती. तिने स्वतःला लाल दिला आणि झोपायला गेली. त्यात काही मोठं केलं असं तिला वाटलंही नाही. खोट ती खोट.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तिने आपल्या टेबलाशीच बसून फोन उघडला. सारथ्याचा तर्क सगळ्यांच्या वर होता, त्याखालोखाल कुठलासा राजपुत्राचा. आणि सारथ्याच्या तर्काला एकही लाल नव्हता. बाकी झाडून सगळ्यांना होते.

तिने डबा बाजूला सारला. काही झालं तरी एक लाल असतोच आणि तो उसवणचा असतो, हे कट्ट्यावर शेंबडं पोरही सांगेल. मग ज्याला लाल नाही तो कुणाचा, हे कुणाच्याही डोक्यात येणार. एकाला जरी तो आवडला नसता तरी झाकलं गेलं असतं, पण मेला आवडला सगळ्यांनाच.

उपाय सोपा होता. हिरवा काढून लाल दाबायचा. बोट बाणापर्यंत गेलंही. शेजारी तिच्या टेबलावर तपासलेल्या मोज्यांची चळत होती, तिच्यातला वरचा मोजा निर्दोष होता. इतक्या वर्षांत तिने चांगल्या मालावर लाल ठिपका लावला नव्हता, ज्यांच्याशी उभा दावा होता त्यांच्याही मालावर नाही. तेवढी एकच गोष्ट तिच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी होती. तिने फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी सेनापतीने लिहिलं: "मित्रहो, एक गंमत बघा. एका तर्काला एकही लाल नाही. आता आपल्या ओळखीची अशी कोण आहे, जी दुनियेला लाल देते आणि स्वतःला देणार नाही?"

बस, एवढं पुरलं. मत बदलायची मुभा होतीच. पाण्याचा नळ फुटावा तसे लाल येऊ लागले. काल ज्यांच्या अंगावर काटा आला होता, त्यांना आज व्रणाचं प्रकरण ओढूनताणून वाटायला लागलं. "पहिल्यापासूनच काहीतरी खटकत होतं," एकाने लिहिलं. "आता तिला कळेल कसं वाटतं ते," दुसरीने लिहिलं, आणि तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तर्कातलं अक्षर बदललं नव्हतं, पान बदललं नव्हतं. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच, पण इथे वांगं कुणाचं तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने लिहिलं, "तो तर्क माझा नाही. माझा द्वारपालाचा. मी नियम मोडतेय, मला बाहेर काढा, पण त्या तर्कावरचे लाल मागे घ्या."

मग किल्लेदार म्हणाला, "द्वारपालाच्या तर्काला तर पहिल्या दिवसापासून लाल आहे."

"तो मीच दिलाय. त्यात खोट आहे."

यावर कट्टा हसला. सेनापतीच्या त्या राजपुत्राला हसला होता त्याहून जास्त हसला. स्वतःलाच लाल? असं कोण करतं? सेनापतीने तर फोड करून सांगितली: हिने एक पडलेला तर्क दत्तक घेतला, त्याचा खरा धनी नियमामुळे तोंड उघडू शकत नाही, आणि हिचा वरचा तर्क वाचतो. डाव छान आहे बाई, पण आम्ही दूधखुळे नाही. तिने पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि दर वेळी लाल वाढले. शेवटी किल्लेदाराने द्वारपालाचा तर्क बाद केला आणि तिचं लिहिणं बंद केलं. आता तिला कट्ट्यावर फक्त वाचता येत होतं, खासगी निरोप तेवढे चालू होते.

वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिने वहिनीला विचारलं, आणि असं काही वहिनीला विचारायची ही पहिलीच वेळ, "मी एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलं तर कुणी विश्वास का ठेवत नाही?"

वहिनीने फडका पिळला. "सवय कधी लावलीत, वन्सं?"

"खोटं चांगलं म्हणू?"

"खोटं कशाला? इतक्या वर्षांत एकदाही खरं चांगलं काही दिसलं नाही तुम्हाला?" वहिनी भांडत नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "की दिसलं आणि गिळलंत?"

गिळलं होतं, पुष्कळ वेळा. निर्दोष मोजा ती काही न बोलता पुढे सरकवायची. चांगल्याला काय सांगायचं, ते चांगलंच असतं, असं तिचं मत होतं.

मुदत संपली. सेनापतीचा राजपुत्र पहिला आला, या खेपेला तो पोहून नाही, होडीतून आला होता. नावं उघडली. द्वारपालापुढे उसवण, आणि सारथ्यापुढे काडेपेटी. काडेपेटी म्हणजे कट्ट्यावर नुकतीच आलेली एक मुलगी, आजवर दोन-तीन वाक्यांपलीकडे न बोललेली.

कट्टा हळहळला. "अगं, तू होतीस?" "आम्हाला वाटलं उसवण!" "मनावर घेऊ नकोस हं, आम्हाला फार आवडला होता." माफ्यांचा ढीग पडला, सगळा काडेपेटीपुढे. उसवणकडे वळून कुणी चकार शब्द काढला नाही. तिने खरं सांगितलं होतं हेही कुणी लिहिलं नाही. लेखिकेचं उत्तर आठवड्याने आलं. राजपुत्राविषयी तिने एकच शब्द पाठवला होता, "नाही". दरवाजा कुणी उघडला ते आता कधीच कळणार नव्हतं.

त्याच दिवशी काडेपेटीचा तिला खासगी निरोप आला. ती टेबलाशी होती, एका लाकडी हातावर मोजा अर्धा चढवलेला.

"ताई, माझ्याखेरीज शेवटपर्यंत न बदललेला एकमेव हिरवा तुमचा होता हे मला आता कळलंय. तुम्ही माझ्यासाठी बाहेर पडलात हेही कळलंय. पण लाल नाही म्हटल्यावर काय होणार, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळलं असेल. तुम्ही मला एक लाल दिला असता, तर माझा तर्क वाचला असता. तुम्ही स्वतःचा खरेपणा जपलात. मी कट्टा सोडतेय."

तिने निरोप पुन्हा वाचला. सवयीने शब्द शब्द ताणून पाहिला, कुठे धागा सुटतोय का ते उलटून आतून पाहिलं. त्यात खोट नव्हती. तिला ते लिहून कळवायचं होतं, पण काडेपेटीचं खातं बंद झालं होतं.