अर्ध्या बागेचा बहार

बहात्तरच्या दुष्काळात आईनं मोसंबीची बाग घागरीनं पाणी घालून जगवली. जगवली म्हणजे मेली नाही, इतकंच. विहिरीच्या तळातून पाणी शेंदायचं आणि झाडाच्या बुडाशी ओतायचं, तिच्याबरोबर मीही होते. आजही घागर नुसती दिसली तरी माझी कंबर कुरकुरते.

पाऊस परतला तेव्हा शेतकी खात्याचा माणूस येऊन गेला. वाळल्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत छाटा, कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप लावा, शेणखत घाला आणि यंदा येईल तेवढं फूल तोडून टाका, असं त्यानं सांगितलं. झाडं थकलीत, वर्षभर त्यांना फळांचं ओझं नको. छाटणी, लेप, खत सगळं आम्ही निमूट केलं. फूल तोडायचं मात्र दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळी उतरेना.

कारण माघात बाग अशी फुलली की वाटेनं जाणारा थांबायचा. मरणाला टेकलेलं झाडही असंच फुलतं, हे आम्हाला कुठं ठाऊक! आमच्याकडे बाग फुलावरच व्यापाऱ्याला देऊन टाकायची रीत. त्याच पैशावर वैशाखात माझं लग्न व्हायचं होतं.

"फुलं तोडायची म्हंजी पोरीचं लगीनच मोडायचं की," दादा म्हणाले.

"लगीन फुडल्या साली व्हईल. झाडं मेली तं मंग खायचं काय?" आई म्हणाली.

"सोयरे थांबणार न्हाईत. बिलकुल न्हाई."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? मला फक्त झोप हवी होती.

शेवटी बाग वाटली गेली. पाटाच्या अलीकडची झाडं आईची, पलीकडची दादांची. आई आणि मी फुलं तोडून पदरात भरत गेलो आणि उकिरड्यावर टाकत गेलो. उकिरड्याला इतका चांगला वास कधी आला नव्हता. पलीकडे व्यापारी खुशीत हिंडत होता.

लग्न वाजतगाजत झालं. दादांची झाडं फळांनी वाकली आणि पुढच्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळत गेली. आईच्या झाडांनी मात्र नंतर कित्येक वर्षं घर पोसलं. तिचं बरोबर होतं, असं घरात कुणी म्हणालं नाही. तीही नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. माझ्या अंघोळीचं पाणी तापवायला दादा रोज सकाळी परसात मोसंबीची लाकडं फोडत बसायचे. वर न बघताच म्हणायचे, "घे बाई, लागंल तेवढं पाणी घे. लाकूड लई हाय."