डावा दिवा

लग्न असो की तेरवी, जेवणं उरकली की गोष्ट सांगायला आमच्या घरात मलाच बसवतात. सलीमभाईंच्या गाडीची गोष्ट तर पोरांना पाठ आहे — मामानं, म्हणजे मी, ती कशी जिद्दीनं दुरुस्त केली वगैरे. टाळ्या पडतात. खरं काय घडलं ते मात्र आजवर माझ्या तोंडून निघालं नाही. बायकोजवळही नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणून तर जमतंय.

अमरावतीत माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. त्या वर्षांत विहिरी आटल्या, कपाशी उभी वाळली. जळालेली मोटर नव्या तारेनं भरायला कोण आणणार? घरची मंडळी पोरांच्या शाळेपायी नागपूरला. दिवसभर मी आणि टेबलफॅन. त्याच्याशीच बोलायचो — तो निदान मान तरी हलवायचा.

अशात अचलपूरहून सलीमभाईंचा फोन आला. कापडाचे दुकानदार, जुनी ओळख. अकोल्याच्या एका जिनिंगवाल्यानं धंदा गुंडाळला, तेव्हा त्याची जुनी, लाल, दोघांपुरती परदेशी गाडी यांनी घेतली होती. कशाला? तर म्हाताऱ्या अब्बांना तिच्यात बसून एकदा चिखलदऱ्याचा घाट चढायचा होता. तिचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले. बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे. म्हणजे उजवा यायचा. डावा नाही. घाटातून उतरताना अंधार पडणार, आणि एका दिव्यावर अब्बांना नेणार नाही, हा सलीमभाईंचा हट्ट.

शुक्रवारी त्यांचं दुकान बंद. मी एसटीनं जायचो. अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसायचे.

"क्यों मिस्तरी, उठी क्या तुम्हारी बेगम?"

"नाई अब्बा, रुसून राहिली."

"मनाओ, मनाओ. हमारी तो उम्रभर नहीं मानी!"

आतून अम्मी ओरडायच्या, "सब सुन रही हूँ मैं!"

मग जेवण. आणखी एक पोळी घ्या म्हणून कुणीतरी भांडायचं माझ्याशी. कितीक दिवसांनी!

मी रिले तपासला, फ्यूज बदलला, स्विच उघडला. हे सगळं केलं, खोटं नाही. पण केव्हा केलं? — दोष सापडल्यावर.

सापडला तो दुसऱ्याच शुक्रवारी. डाव्या मोटरची अर्थिंगची वायर बॉडीला बोल्टनं बसते, तिथं गंज होता. बस, एवढंच. पॉलिश पेपरनं घासलं, बटण दाबलं — दिवा उठला. घरातली माणसं नमाजाला गेलेली, अम्मी आत चुलीपाशी. आनंद व्हायला हवा होता ना? पण पुढच्या शुक्रवारी मी जाऊ कुठं?

मी दिवा खाली घेतला. वायरीच्या टोकाला करंट अडवणारी काळी टेप नीट गुंडाळली, आणि बोल्ट पुन्हा आवळला.

दिवाळी गेली, थंडी पडली. अब्बांना खोकल्यानं धरलं. एकदा जवळ बोलावून हळूच म्हणाले, "हाथ से नहीं उठता क्या, बेटा? एक बार ले चलो."

उठतो. मोटरच्या बुडाशी चकती असते, ती हातानं फिरवली की दिवा वर येतो. मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "गिअरचे दात तुटतील, अब्बा."

कसं सुचलं? — लगेच सुचलं.

त्याच थंडीत अब्बा गेले.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी गेलो. माणसं आत जेवत होती. मी अंगणातल्या गाडीवरचं कापड सारलं, टेप सोडवली, बटण दाबलं. दोन्ही दिवे उठले. मोटरचा आवाज ऐकून सलीमभाई बाहेर आले.

"सापडलं?"

"सापडलं."

त्यांनी मला मिठी मारली आणि रडले. "तुमी लई मेहनत घेतली अब्बासाठी, भाऊ. त्यायच्या नशिबातच नव्हतं."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

अजूनही ईदेला अचलपूरहून एसटीच्या ड्रायव्हरजवळ शीरखुर्म्याचा डबा येतो. मी तो खातो. रिकामा डबा परत धाडू नये म्हणतात, म्हणून धुऊन, त्यात साखर घालून पाठवतो.