मास्तर, आमच्यावर ओरडा ना!

आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे लोक हल्ली कपडे शिवायला येत नाहीत, बोलणी खायला येतात. चेष्टा नाही करत. परवा एक जोडपं दोन तास प्रवास करून आलं. हातात कापड नाही, काही उसवलेलंही नाही. नवरा दारातच फोन धरून उभा राहिला आणि बायको लाडात येऊन म्हणाली, "मास्तर, आमच्यावर ओरडा ना!"

माझं दुकान मास्तरांच्या बरोबर समोर. बटणं, दोरे, चेन, अस्तर असला माल. मधला रस्ता एवढा अरुंद की मास्तर शिंकले तर माझ्या डब्यातली बटणं हलतात. तीस वर्षं मी या माणसाचं ओरडणं ऐकतेय. राग नाकाच्या शेंड्यावर, पण पोटात काही नाही. ओरडून झालं की गिऱ्हाइकाची तुटलेली गुंडी स्वतःच लावून देतील, वर म्हणतील, "जा आता, तोंड काय बघता?"

माप घ्यायची त्यांची एक पद्धत होती. टेप मास्तरांच्या हातात, वही वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात. मास्तर नुसता आकडा बोलायचे. कशाचा आकडा ते सांगायचे नाहीत, कारण क्रम ठरलेला: गळा, खांदा, छाती, कंबर, बाही. वहिनी पाच चौकोनांत पाच आकडे लिहून मोकळ्या. दोघांत आदल्या दिवशी कितीही वाजलं असो, सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की आकडे सुरू व्हायचे आणि भांडण आपोआप मिटायचं. एकमेकांना गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांचं जे काही होतं ते या आकड्यांत होतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचा पहिला आकडा निसटला आणि बाकीचे सगळे एकेक घर वर सरकले. गिऱ्हाईक होता एक किडकिडीत कारकून. मास्तरांनी वही बघितली आणि आवाज चढवला, "खांदा चौतीस? हा माणूस आहे की कपाट?"

वहिनी वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "कपाट असतं तर सुताराकडे गेलं असतं. तुमच्याकडे कशाला आलं असतं?"

त्यांची सून तेव्हा नव्या झग्याचा व्हिडिओ काढत होती. झगा राहिला बाजूला, हे सापडलं. तिने गंमत म्हणून ते टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मास्तर जगाचे झाले. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, जिथे तिथे लोक एकमेकांना "माणूस आहे की कपाट" विचारायला लागले. नव्याने लग्न झालेली जोडपी त्यांच्यासारखं भांडून दाखवायची. मास्तरांच्या मुलाने नोकरी सोडली, दुकानात दिवे लावले, शिलाई मशीन फोनला बरं दिसेल अशा कोनात वळवलं. आणि मास्तर? खोटं कशाला बोलू, मास्तरांनी स्वतःसाठी नवं जाकीट शिवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सून आर्जवं करायची, "आई, आज थोडं चुका ना. लोक वाट बघतात." वहिनी ठणकावून सांगायच्या, "मी मुद्दाम चुकणार नाही. वहीला काही मान आहे की नाही?" मग हळूहळू चुका होऊ लागल्या. रोज होऊ लागल्या. आम्हाला वाटलं, आल्या बाई वळणावर, शिकल्या नाटक. मीसुद्धा इथे गल्ल्यावर बसून त्यांचे व्हिडिओ बघून पोट धरून हसलेय. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

एका दुपारी वहिनी माझ्या दुकानात आल्या. काउंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सगळ्या डब्यांवरून नजर फिरवून म्हणाल्या, "मी काय घ्यायला आले होते हो?"

मी हसले, आणि फोन कुठे धरलाय ते बघायला त्यांच्या मागे डोकावले. मागे कोणीच नव्हतं. त्यांच्या दारातही कोणी नव्हतं. वहिनी खरंच माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी अंदाजाने पांढरा दोरा काढून दिला. त्या "हो हो, हाच" म्हणाल्या आणि गेल्या.

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "मला कळलंय, ताई. माझ्यापासून कसं लपेल?" डोळ्यांचा नंबर तपासायचा म्हणून ते वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथलं त्यांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टर बघताक्षणी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, कपाट!" त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. वहिनींना एकही आठवला नाही, तेव्हा डॉक्टर टेबलावर थाप मारून हसले. मास्तरांना दोनदा सांगावं लागलं, "साहेब, ती नाटक करत नाही." मग डॉक्टर खाली बसले. अर्ध्या तासाने त्यांनी मास्तरांना एकट्याला आत घेतलं. विसरण्याचाच आजार आहे, म्हणाले, वाढत जाईल. त्यांना घाबरवू नका, रोजचं रोजच्यासारखं चालू राहू दे.

घरी सून ऐकून ओक्साबोक्शी रडली. त्याच दिवशी तिने सगळे व्हिडिओ काढून टाकले, मुलाने दिवे उतरवले. पोरं वाईट नाहीत हो. पण आता गोष्ट त्यांच्या हातात राहिली होती कुठे? त्यांनी काढून टाकलेले व्हिडिओ दुसऱ्यांनी पुन्हा टाकले. आणि येणारा प्रत्येक जण स्वतःचा फोन घेऊनच येत होता.

मास्तरांनी ओरडणं बंद केलं. वहीत काही का लिहिलेलं असेना, ते म्हणायचे, "राहू दे गं, चालतंय." आकडे स्वतः मनात ठेवायचे आणि गुपचूप पुसून लिहायचे. लोक हिरमुसून परत जायचे. जाऊ देत, मला काय त्याचं? पण आठवड्याभरात वहिनी माझ्याकडे आल्या. या खेपेला काही विसरल्या नव्हत्या.

"हे माझ्यावर ओरडत नाहीत."

"बरंच आहे की," मी म्हटलं.

"तीस वर्षांत 'राहू दे' म्हणाले नाहीत कधी. आता रोज म्हणतात. सून हळू बोलते. मुलगा माझं ताट उचलतो." त्यांनी माझा हात धरला. "डोळ्यांचं म्हणून मला नेलं होतं. चष्मा तर तोच आहे. मला काय झालंय? तुम्हाला ठाऊक आहे ना?"

तोंडाळ म्हणून अख्ख्या गल्लीत माझं नाव आहे, पण मी दुसऱ्या हाताने बटणांचा डबा पुढे ओढला आणि बटणं निवडायला लागले. वहिनींनी हात सोडला. त्या दिवसापासून त्यांनी वहीला हात लावणं बंद केलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. जेवण टाकलं. सून समजावून थकली.

मास्तर माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. "ताई, इकडे आड, तिकडे विहीर. ओरडलो तर सगळं जग तिच्या आजाराला हसणार. नाही ओरडलो तर तिला कळणार."

"मग दुकान बंद ठेवा थोडे दिवस," मी म्हटलं.

"दुकान बंद केलं तर तिला लगेच कळेल. तीस वर्षांत कधी बंद ठेवलंय?" ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या तरी कचेरीतले पाचसहा जण आले. त्यातल्या एकाला खरोखरच सदरा शिवायचा होता. मास्तरांनी वही उचलली, वहिनींच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "लिही. मला दोन हात आहेत, चार नाहीत." वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि पेन्सिल घेतली.

मास्तरांनी पाच आकडे सांगितले. सावकाश, एकेक. मग वही बघितली. पाचही चौकोनांत पंधरा लिहिलेलं होतं.

सगळे फोन वर झाले. मी इथून बघत होते. वहिनींची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावर, आणि मास्तर काय म्हणतात त्यावर त्यांचं सगळं अडलेलं. 'राहू दे' म्हणाले तर संपलंच.

मास्तर ओरडले. असे ओरडले की पलीकडच्या न्हाव्याने वस्तरा थांबवला. "गळा पंधरा, छाती पंधरा, कंबर पंधरा! हा माणूस आहे की नळ? याला सदरा शिवू की नुसती बाही चढवू?"

हशा उसळला. टाळ्या पडल्या. आणि वहिनींचा चेहरा, काय सांगू, इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखा झाला. "मग नीट सांगत जा की!" त्या म्हणाल्या. "तोंडातल्या तोंडात पुटपुटता आणि मला बोलता!" शेजारी उभ्या मुलीला त्यांनी खुशीत सांगितलं, "हे असेच आहेत. बिनसलं होतं काहीतरी, आता आले ताळ्यावर."

मास्तर "खडू पडला" असं म्हणून टेबलाखाली वाकले. खडू त्यांच्या कानावरच होता. सगळ्यांना दिसत होता. "कानावर, मास्तर, कानावर!" लोक ओरडत होते, हसत होते, फोन वाकवून टेबलाखाली धरत होते. मास्तर काही वर येईनात. त्यांची पाठ हलत होती. वहिनी सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या.

मला राहवेना. समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून मी रस्ता ओलांडला आणि त्या घोळक्यावर ओरडले, "फोन खाली घ्या! लाज नाही वाटत? काय चाललंय ते दिसत नाही तुम्हाला?"

दोनचार फोन खाली आले. मग त्यांच्यातला एक जण आनंदाने म्हणाला, "अरे, ही बटणवाली पण भारी आहे!" आणि सगळे फोन माझ्याकडे वळले.