दालचिनी घातलेले घारगे

माझ्या स्वयंपाकघरात आता भोपळ्यात दालचिनी पडत नाही, कारण त्या वासासरशी लंडनजवळच्या पिनरमधला तो गुरुवार परत येतो. अमेरिका सोडून आम्हाला तीन महिने झाले होते. नवरा तिथेच होता, आणि तो आता येणार नाही, हे त्याने आदल्याच आठवड्यात मला फोनवर सांगितलं होतं. मुलांना मी काही बोलले नव्हते. त्या दिवशी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होता; इथे तो कुणाच्या गावीही नसतो. मुलं नेहमीसारखी शाळा-नर्सरीतून आली, साडेचारलाच अंधारलं. हॅलोविननंतर स्वस्तात आणलेल्या भोपळ्याचे मी दालचिनी घालून घारगे केले, पण तो इतका पाणचट निघाला की पीठ घालून घालून ते चिवट झाले. टर्कीऐवजी चिकन होतं. जेवणाआधी प्रत्येकाने कशासाठी तरी थँक्यू म्हणायचं, ही तिकडची पद्धत मुलं विसरली नव्हती. चार वर्षांचा धाकटा डोळे मिटून म्हणाला, "बाबा ख्रिसमसला येणार, म्हणून थँक्यू." आठ वर्षांची थोरली ताटाकडे बघत बसली. "अगं, बोल ना," मी म्हटलं. ती उठली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मी ऐकलंय तुझं फोनवरचं. काय म्हणायचं ते तू सांग, मी म्हणते." मी तिच्या ताटात आणखी एक घारगा वाढला आणि तिने तो मुकाट्याने संपवला. आता ती लीड्सला युनिव्हर्सिटीत शिकते. कशी आहेस, असं फोनवर विचारलं की लगेच "मस्त गं" म्हणते, आणि मी पुढे काही विचारत नाही.